दाढ काढायची की ठेवायची, हे ठरवतं कोण?

राजेहो, पोस्ट मोठी आहे, पण विषय प्रत्येकाच्या तोंडातला आहे. राजकारण दिसत नाही म्हणून पुढे सरकू नका. शेवटी येतंच ते.

बाजाराच्या दिवशी आपल्या पांढरकवड्यातल्या कुठल्याही दातांच्या दवाखान्यात अर्धा तास बसा, एक वाक्य हमखास कानावर पडेल. "डॉक्टरसाहेब, काढूनच टाका न. कायले ठेवता?" डॉक्टर एक्स-रे दाखवतात. मूळ चांगलं आहे, रूट कॅनल केलं तर दाढ वाचते, असं सांगतात. त्यावर पेशंटचा पहिला प्रश्न पैशाचा नसतो. तो विचारतो, "किती चकरा?" तीन चकरा म्हटलं की विषय संपला. तीन चकरा म्हणजे तीन दिवसांची मजुरी, तीन वेळा तिकीट, आणि सोबत कोणी आलं तर त्याचीही मजुरी.

दाढ काढायची की वाचवायची हा डॉक्टर आणि पेशंट या दोघांतला खाजगी मामला आहे असं आपल्याला वाटतं. इतिहास चाळला तर तसं दिसत नाही. हा निर्णय कधी भीतीनं घेतला, कधी हत्यारानं, कधी एखाद्या मोठ्या डॉक्टरच्या भाषणानं, कधी सरकारच्या तिजोरीनं. आपल्या भागात तो एसटीच्या टायमानं आणि कापसाच्या भावानं घेतला. दाताची स्वतःची हालत काय आहे, हे बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी विचारलं गेलं.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. सुश्रुतसंहितेत किडलेल्या दाताच्या रोगाला 'कृमिदंतक' म्हटलं आहे. त्यावरचा नियम आजही ऐकावा इतका सरळ आहे. दात पक्का असेल, हलत नसेल, तर शेक द्या, दूषित रक्त काढा, औषधं लावा, म्हणजे ठेवा. हलायला लागला असेल तर काढा आणि ती जागा डागा. 'अचल' असेल तर उपचार, 'चल' असेल तर निरोप. आजचा डेंटिस्ट हत्याराच्या टोकानं दात हळूच हलवून बघतो, तेव्हा तोही हाच प्रश्न विचारत असतो. फरक इतकाच की आता त्याच्यासोबत एक्स-रे असतो.

सुश्रुतानं तिथंच एक इशाराही दिला आहे. वरच्या जबड्यातला दात हलत असला तरी वैद्यानं तो काढू नये. रक्त फार वाहतं, आणि त्यातून डोळा जाणं, तोंड वाकडं होणं असे भयंकर विकार होतात, असं त्याचं म्हणणं. आता आठवा, आपल्या गावात म्हातारी माणसं काय सांगतात? "वरची दाढ काढू नको, डोळा जाईल." ही भीती किती जुनी आहे बघा. त्या काळी ती अगदीच बिनबुडाची नव्हती. रक्त थांबवायची खात्रीची सोय नव्हती, जखम चिघळली तर आवरायला प्रतिजैविक नव्हतं. दोन्ही सोयी आल्या, पण भीती तिथंच राहिली. दातांच्या नसा वेगळ्या आणि दृष्टीची नस वेगळी. वरची दाढ नीट काढली तर नजरेला काही होत नाही. उलट वरच्या दाढेत पू साचलेला असताना, डोळ्याच्या भीतीनं सुजलेला गाल घेऊन महिनाभर फिरणं जास्त धोक्याचं.

दुसरी जुनी समजूत 'दाढेतल्या किड्या'ची. दाढेत किडा असतो, तो आतून कुरतडतो, म्हणून ठणका लागतो. ही समजूत एकट्या आपली नाही. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांपासून चीनपर्यंत आणि युरोपच्या खेड्यांपर्यंत सगळीकडे ती होती. आपल्याकडे त्यावर रिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घ्यायची रीत आहे. धूर घेतल्यावर वाटीतल्या पाण्यात पांढरे बारीक 'किडे' पडलेले दाखवतात. ते किडे नसतात, उष्णतेनं फुटलेल्या बियांतले अंकुर असतात. युरोपातही अशाच दुसऱ्या एका विषारी झाडाच्या बिया जाळून हाच खेळ चालायचा.

१७२८ साली पॅरिसमध्ये पिएर फोशार या दंतवैद्यानं दातांवर मोठा ग्रंथ छापला. त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली किडलेले दात तपासले आणि किडे काही सापडले नाहीत असं लिहिलं. खरं कारण नीट मांडायला १८९० उजाडलं. बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यानं दाखवलं की तोंडातले जिवाणू साखर आणि पिठूळ अन्नावर जगतात, आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. म्हणजे 'किडा' आहे, पण डोळ्यांना दिसणारा नाही आणि धुरानं बाहेर पडणारा तर नाहीच नाही.

मात्र जुन्या घरगुती उपायांतलं सगळंच टाकाऊ नव्हतं. लवंग घ्या. दाढेत लवंग धरली की ठणका उतरतो, कारण तिच्या तेलात युजेनॉल असतं. आजही दंतवैद्य तात्पुरतं सिमेंट भरतात तेव्हा अनेकदा झिंक ऑक्साइडमध्ये हेच युजेनॉल कालवलेलं असतं. दवाखान्यात येणारा तो ओळखीचा वास आपल्या मसाल्याच्या डब्यातलाच आहे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत जगभर गोष्ट एकच होती. दात काढणं म्हणजे शुद्धीवर असलेल्या माणसाच्या तोंडात जंबूर घालणं. ते काम न्हावी करायचे, लोहार करायचे, जत्रेतले फिरते लोक करायचे. त्यामुळं माणूस शक्य तितके दिवस दात ठेवायचा. हौसेनं नाही, भीतीनं.

मग भूल आली. १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्यानं 'हसवणारा वायू' म्हणजे नायट्रस ऑक्साइड घेऊन स्वतःचाच दात काढून घेतला. १८४६ साली बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टननं इथरची भूल जाहीरपणे दाखवली. तोही दंतवैद्यच. आज ऑपरेशनच्या टेबलावर आपण शांत झोपतो ती देणगी बऱ्याच अंशी दातदुखीची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रोकेन आलं, सुईनं फक्त हिरडी बधिर करता येऊ लागली आणि दात काढणं पाच मिनिटांचं काम झालं.

दात वाचवायची सोयही त्याच काळात उभी राहत होती. १८३८ साली एडवर्ड मेनार्ड या अमेरिकन दंतवैद्यानं घड्याळाच्या स्प्रिंगपासून बारीक कानस बनवली आणि ती दाताच्या मुळात घालून आतली नळी साफ करायला सुरुवात केली. १८६४ साली रबराचा पातळ पडदा आला. तो दाताभोवती लावला की लाळ आत जात नाही. साफ केलेली नळी भरायला मलाया भागातल्या झाडांचा चीक वापरात आला, त्याचं नाव गटापर्चा. १८७० साली मुंबईला इंग्लंडशी जोडणारी समुद्राखालची तार आली, तिच्यावरचं आवरण याच चिकाचं होतं. आणि रूट कॅनल केलेल्या आपल्या दाढेत आजही तोच गटापर्चा भरलेला असतो. १८९५ साली एक्स-रेचा शोध लागला आणि पुढच्याच वर्षी दातांचे एक्स-रे निघू लागले. दाताचं मूळ, आतली नळी आणि भोवतीचं हाड न काढता बघता येऊ लागलं.

म्हणजे १९०० च्या आसपास दोन्ही रस्ते खुले झाले होते. काढणं सोपं आणि वाचवणं शक्य. मग जगानं कुठला रस्ता धरला?

काढायचा. आणि त्यामागे एका भाषणाचा मोठा हात होता.

१९१० साली कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये विल्यम हंटर या नामांकित ब्रिटिश डॉक्टरनं भाषण दिलं. सडलेल्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांवर तो तुटून पडला. दातातला जंतुसंसर्ग शरीरभर पसरतो आणि त्यातून सांधेदुखीपासून पोटाच्या विकारांपर्यंत सगळं होतं, असा त्याचा मुद्दा. वाईट काम करणाऱ्या दंतवैद्यांवरची त्याची टीका खोटी नव्हती. पण त्यातून निघालेला निष्कर्ष असा झाला की मेलेली नस असलेला प्रत्येक दात म्हणजे विषाची पुडी, तेव्हा काढा. पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये लाखो दात निघाले. त्यातले कितीतरी चांगले होते.

याचं टोक न्यू जर्सीतल्या ट्रेन्टनच्या मनोरुग्णालयात गाठलं गेलं. तिथले प्रमुख हेन्री कॉटन यांना वाटलं की वेडाचं मूळही दातातल्या जंतूंत आहे. त्यांनी रुग्णांचे हजारो दात काढले, मग टॉन्सिल, मग पोटातले अवयव. अनेक रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावले. माणूस प्रामाणिक होता असं म्हणावं लागेल, कारण आपल्या मुलांचे दातही त्यानं काढून घेतले. प्रामाणिकपणानं चूक बरोबर होत नाही, एवढंच.

१९३० नंतर डॉक्टरांनी हिशेब मांडायला घेतला. दात काढलेल्या संधिवाताच्या रुग्णांचा संधिवात बरा झाला का? झाला नव्हता. हळूहळू हा सिद्धांत बाजूला पडला. पण मेला नाही. "रूट कॅनलमुळं कॅन्सर होतो" असा मेसेज तुमच्या व्हॉट्सअॅपवर आला असेल. त्याची वंशावळ इथं येऊन मिळते. वेस्टन प्राइस नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं १९२३ साली पुस्तक छापलं. माणसांचे काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवायचे प्रयोग त्यात होते. पुढे तसे निष्कर्ष इतरांना मिळाले नाहीत, प्रयोगांतल्या चुका दाखवल्या गेल्या. केव्हाच खोडलेली गोष्ट आपल्याकडे 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' होऊन फिरते आहे, आणि तिच्यामुळं कोणीतरी चांगली दाढ काढून घेतो आहे.

आता सरकारचा भाग. इंग्लंडमध्ये एक पिढी अशी होती की तरुणपणीच सगळे दात काढून कवळी बसवणं शहाणपणाचं मानलं जायचं. पुढं खर्च नको म्हणून काही भागांत लग्नाआधी मुलीचे दात काढून तिला कवळी भेट दिली जायची. १९४८ साली तिथं सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली. दात काढणं फुकट, कवळीही फुकट. इतकी गर्दी उसळली की १९५१ साली सरकारला कवळी आणि चष्म्यावर शुल्क लावावं लागलं. त्याच्या निषेधार्थ ही सेवा उभी करणारे मंत्री अॅन्युरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड-वेल्समधल्या ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात नव्हता. २००९ पर्यंत इंग्लंडमध्ये हा आकडा ६ टक्क्यांवर आला. माणसं तीच, जबडे तेच. लोकांची समज बदलली, फ्लोराइडची पेस्ट आली आणि दात वाचवणारी सेवा हाताशी आली.

आता आपल्याकडे या.

पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचं ठाणं. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १९०३ साली मध्य प्रांताला जोडलं गेलं. आपला जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्या नावानं ओळखला जायचा, मग यवतमाळ झाला. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. राज्यं बदलत गेली, पण दाढ दुखली तर जायचं कुठं, याचं उत्तर या काळात फारसं बदललं नाही.

देशातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३ चं. दंतवैद्यांसाठी देशाचा कायदा झाला १९४८ साली. त्या कायद्यात एक गंमत आहे. नोंदणीचे दोन भाग केले, 'अ' आणि 'ब'. 'अ' भागात शिकलेले. 'ब' भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षं हाच धंदा करत आलेले. सरकारलाच मान्य करावं लागलं की देशाचे दात बहुतांशी न शिकलेल्या हातांत आहेत, त्यांना एकदम बाहेर काढलं तर दात बघायला कोणी उरणार नाही. विदर्भात, नागपूरला, शासकीय दंत महाविद्यालय आलं १९६८ साली. पांढरकवड्याहून नागपूर दीडशे किलोमीटर. यवतमाळ सत्तरच्या आसपास.

तेव्हा सांगा, १९५० किंवा १९६० साली आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्यापुढं, कोलाम पोडावरच्या माणसापुढं 'काढायची की ठेवायची' हा प्रश्न तरी होता का? पर्याय दोन असले तरच निवड असते. इथं पर्याय एकच होता. ठणका सहन होईल तोवर लवंग, तंबाखू, रिंगणी. सहन होईना की जंबूर. आपल्या आज्या पन्नाशीत बोळक्या झाल्या ते वयामुळं नाही. वय झालं की दात जातातच, असं आपण पिढ्यानपिढ्या मानत आलो. दात वयानं जात नाहीत, किडीनं आणि हिरड्यांच्या रोगानं जातात, आणि दोन्ही थांबवता येतात. आपल्यापासून फार लांब नसलेल्या सेवाग्रामला राहणाऱ्या गांधीजींचंच बघा. दात नसलेलं त्यांचं हसू सगळ्या जगाला माहीत आहे. जेवताना ते कवळी लावायचे. दिल्लीच्या राष्ट्रीय गांधी संग्रहालयात त्यांचा एक दात जपून ठेवलेला आहे. देशातले चांगले डॉक्टर ज्यांच्या शब्दावर धावून येत, त्यांचीही त्या काळी ही गत. बाकीच्यांचं काय बोलायचं?

पण सगळं दूरच्या इतिहासावर ढकलता येणार नाही. आपल्या भागाच्या दोन खास गोष्टी आहेत, आणि त्या आजच्या आहेत.

पहिली गोष्ट पाणी. पांढरकवडा भागातल्या भूजलातल्या फ्लोराइडवर २००७ साली 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात शोधनिबंध छापून आला आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. थोडं फ्लोराइड दाताला बळ देतं, जास्त झालं की दात बिघडवतं. आपल्या देशात या आजाराची नोंद १९३७ साली तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर भागातून झाली. लहानपणी, कायमचे दात हिरडीच्या आत घडत असताना, मुलानं असं पाणी प्यालं की दातांवर पांढरे पट्टे, पिवळे-तपकिरी डाग उमटतात. जास्त झालं तर खड्डे पडतात, कंगोरे तुटतात.

इथं घोळ होतो. तपकिरी दात बघून माणूस म्हणतो, "सडला." तो सडलेला नसतो. डाग म्हणजे कीड नव्हे. अशा दाताचं मूळ भक्कम असू शकतं, नस जिवंत असू शकते. त्याला डाग काढणं, वरून थर देणं, भरणं असे उपाय आहेत. लग्न जुळवताना मुलीचे दात खराब दिसतात म्हणून पुढचे चार दात काढून कवळी लावा, असा सल्ला देणारे नातेवाईक आपल्याकडे कमी नाहीत. ज्या मुलीनं पाणी निवडलं नाही, तिला आपण दात काढायला लावतो. उपचार खरा पाण्यावर व्हायला पाहिजे.

दुसरी गोष्ट खर्रा. राज्यात गुटख्यावर बंदी आली जुलै २०१२ मध्ये. आपल्याकडे पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घोटायचं काही थांबलं नाही. दात झिजतात, हिरड्या उतरतात हे सगळ्यांना दिसतं. एक गोष्ट दिसत नाही. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होत जाते आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. दोन बोटं शिरतील इतकंही तोंड उघडत नसेल, तर मागच्या दाढेपर्यंत रूट कॅनलची हत्यारं जाणार कशी? तिथं दाढ वाचवण्यासारखी असूनही वाचवता येत नाही, काढतानाही फजिती होते. वर कॅन्सरचा धोका आहे तो वेगळाच. डॉक्टरनं निर्णय घ्यायच्या आधी खर्ऱ्यानं घेतलेला असतो.

आणि मग आपलं शेतीचं कॅलेंडर. मृगात दाढेला बारीक भोक दिसतं. तेव्हा साधं सिमेंट भरून काम भागतं, पण बियाणं-खताचे दिवस, पैसा कुठला? "कापूस निघाल्यावर बघू." पोळ्याच्या सुमारास थंड पाणी झोंबतं. दिवाळीत रात्रभर ठणका. कीड नसेपर्यंत पोचलेली असते, आता रूट कॅनलशिवाय गत नाही. वेचणी चालू असते, म्हणून मेडिकलमधून गोळी. मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो. माणूस म्हणतो, बरं झालं. बरं झालेलं नसतं, आतली नस मेलेली असते. खाली हाडात गुपचूप पू साठत जातो. होळीपर्यंत दाढेचा वरचा भाग भाकरीच्या तुकड्यावर तुटतो आणि गाल सुजतो. मग डॉक्टरही म्हणतो, "काढावीच लागेल." जूनमध्ये जे काम एका बैठकीत आणि थोडक्या पैशात झालं असतं, त्याचा शेवट असा होतो.

काढणं नेहमी चूक, असं मात्र मी म्हणत नाही. मूळ उभं चिरलं असेल, हिरडीच्या वर पकड बसेल इतका दात उरलाच नसेल, भोवतालचं हाड जाऊन दात लोंबत असेल, अक्कलदाढ आडवी फसून शेजारच्या दाढेला त्रास देत असेल, तर काढणंच शहाणपणाचं. अशा दातावर रूट कॅनल करून टोपी चढवणं म्हणजे पडक्या भिंतीला रंग. असा दात वाचवायला सांगून पैसे उकळणारेही असतात, हेही खरं. म्हणून डॉक्टरला सरळ विचारा. मूळ कसं आहे? हाड किती उरलं? वर टोपी बसेल इतका दात आहे का? केलं तर किती वर्षं टिकायची शक्यता, नाही केलं तर काय? एक्स-रे समोर धरून उत्तर मागा. ते मागायचा तुमचा हक्क आहे.

आणि काढायचीच असेल तर काही गोष्टी लपवू नका. शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्या, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेली इंजेक्शनं, डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी घेतलेला शेक. असा शेक झालेल्या जबड्यातला दात काढला तर हाड सडत जाऊ शकतं. म्हणून शेक सुरू व्हायच्या आधीच दातांचा निकाल लावतात.

"काढली की कटकट संपली" हाही गैरसमजच. एक दाढ गेली की शेजारच्या दाढा त्या रिकाम्या जागेकडे कलतात, समोरची दाढ खाली किंवा वर सरकते, जबड्याचं हाड झिजतं. फटीत अन्न अडकून नवीन कीड लागते. मग एकाच बाजूनं चावणं. मग ब्रिज, कवळी, नाहीतर हाडात स्क्रू बसवून नवा दात. हे स्क्रूचं तंत्र स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्यांदा माणसावर वापरलं. चांगलं तंत्र आहे, पण त्याचा खर्च आपल्यापैकी किती जणांना झेपतो? काढणं आज स्वस्त आहे, कारण त्याचं बिल उद्या येतं. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण नशिबावर बोलतो. निम्मी तरी ती व्यवस्थेवर लागू होते.

म्हणून आता राजकारण.

केंद्राचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून आहे. राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, पण तिचा भर दवाखान्यात भरती होऊन करायच्या मोठ्या उपचारांवर. दाढेची नस साफ करायला कोणी भरती होत नाही. म्हणजे जबडा मोडला तर योजना, दाढ मोडली तर खिसा. देशात दंत महाविद्यालयं तीनशेच्या वर झाली, दरवर्षी हजारो डेंटिस्ट बाहेर पडतात. सगळे शहरात गर्दी करतात आणि खेड्यातला माणूस मेडिकलमधून गोळी घेतो.

जपाननं १९८९ साली एक साधं ध्येय जाहीर केलं. ऐंशीव्या वर्षी स्वतःचे किमान वीस दात. त्याचं नावच '८०२०'. शाळेतल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना कळेल असं. आपल्याला इतकं मोठं नको. आपण उपजिल्हा रुग्णालयाला, रुग्ण कल्याण समितीला आणि आपल्या लोकप्रतिनिधींना चार प्रश्न विचारू. दंतशल्यचिकित्सकाचं पद भरलेलं आहे का आणि ते कुठल्या वारी बसतात? मागच्या वर्षी किती दात काढले आणि किती वाचवले, हे दोन आकडे वेगवेगळे द्या. रूट कॅनलचं साहित्य आणि दातांचा एक्स-रे चालू आहे का? तालुक्यातल्या कुठल्या गावच्या पाण्यात फ्लोराइड किती, त्याचा ताजा अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कधी लागणार?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. फक्त काढलेल्या दातांचा आकडा मोठा दिसला की काम भरपूर झालं असं कागदावर वाटतं. वाचवलेल्या दातांचा आकडा शेजारी मांडला की खरं चित्र कळतं.

माहिती अधिकारात अर्ज करायला दहा रुपये लागतात. कोणाला अर्जाचा मसुदा पाहिजे असेल तर सांगा, मी लिहून देतो. उत्तरं आली की इथंच टाकेन. आणि घरात कोणाच्या दाढेला भोक दिसत असेल तर या आठवड्यातच दाखवून घ्या. कापूस निघायची वाट पाहू नका.